तिखटाच्या डब्यातले हजार

पैसे नाहीत या कारणासाठी माणसाचे पैसे कापून घेता येतात, हे दीपमालाला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी कळलं. अर्थशास्त्र तिचा आवडता विषय होता, पण ही गोष्ट त्या पुस्तकात नव्हती. पासबुकात होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती दिग्रसच्या बँकेत पासबुक भरून घ्यायला गेली. बँकेचं नाव सांगत नाही. त्या बिचारीनं नियमाबाहेर काहीच केलं नाही, हीच तर सगळी तक्रार आहे. छपाईच्या यंत्रानं आधी करकर दात खाल्ले, एक ओळ छापली, मग पुढचं या मुलीला सांगावं की नाही असा विचार करत थोडं थांबलं, आणि दुसरी ओळ छापली. कपात, छप्पन रुपये अठरा पैसे.

छप्पन रुपयांपेक्षा दीपमालाला ते अठरा पैसे लागले. छप्पन रुपये माणूस रागाच्या भरातही कापेल. अठरा पैसे कापायला थंड डोकं लागतं.

"हे कायचे कापले हो, उकंडाभाऊ?"

उकंडा हा बँकेचा शिपाई. मॅनेजर बदलत, काउंटरच्या काचा बदलत, उकंडा तसाच राही. खेड्यावरची माणसं साहेबाच्या केबिनमध्ये जाण्याआधी उकंडाच्या स्टुलापाशी जात आणि बहुधा तिथूनच घरी परतत.

"मिनिमम ब्यालन्स," उकंडा म्हणाला. "चेकबुकवाल्या खात्यात हजार रुपये राह्यले पायजे. तुह्या खात्यात नाई राह्यत. दर तीन महिन्यानं कापते."

चेकबुक! खातं उघडताना "चेकबुक पाहिजे का?" असं कारकुनानं विचारलं, तेव्हा तिच्या मागे रांगेत कॉलेजची चार पोरं उभी होती. अशा वेळी "नको" म्हणू शकणारी माणसं जगात असतील. दीपमाला त्यांच्यातली नव्हती. पाच-सहा महिन्यांत तिनं एकही चेक फाडला नव्हता. खोलीवर कोणी आलं की ते चेकबुक गादीखालून निघून पुस्तकांच्या थप्पीवर येई, सहज पडल्यासारखं. एवढाच त्याचा उपयोग.

आता खात्यात सतत हजार रुपये ठेवायचे म्हणजे पैसेही सतत यायला हवेत, आणि दीपमालाच्या कमाईची 'सतत' या शब्दाशी ओळख नव्हती. वडील आर्णीकडे एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून. जास्त भावासाठी कापूस आदिलाबादच्या रस्त्याला लागल्यापासून ते जिनिंग दीड महिना चाले आणि उरलेले साडेदहा महिने 'सोमवारपासून सुरू' असं म्हणत बंद राही. म्हणून तिनं स्वतःचा धंदा काढला होता. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अर्जाचे पाच रुपये, प्रतिज्ञापत्रासकट सात. ती वर्षं पॅकेजची होती. सरकार कापूसवाल्यांना मदत जाहीर करी. मग मदतीचे अर्ज, मग अर्जातल्या चुका दुरुस्त करायचे अर्ज, मग अर्ज हरवल्याचे अर्ज. कोणी मोठा माणूस माईकसमोर गहिवरला की इकडे हिचा हंगाम सुरू. तो गप्प, तर कडुनिंबही गप्प. एखाद्या महिन्यात नऊशे रुपये, एखाद्यात एकवीस. समाजकल्याणची शिष्यवृत्ती होती, पण ती गेली दीड वर्षं 'निघाली आहे' या अवस्थेत होती. कुठून निघाली आणि वाटेत कोणाकडे मुक्कामाला थांबली, हे कोणी सांगत नव्हतं.

त्या सकाळी खात्यात सहाशे पंचावन्न रुपये होते. शेवटच्या परीक्षेची फी होती सहाशे चाळीस. फॉर्म भरायचा एक ते तीन जानेवारी, तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला खिडकी बंद. इथवर सगळं गोड. पण एकतीस डिसेंबरला आणखी छप्पन कापणार म्हणजे एक्केचाळीस रुपये कमी पडणार, आणि मदतीच्या अर्जांची मुदत संपल्यानं कडुनिंबाखाली चिटपाखरू नव्हतं.

"मंग आजच काढून घेऊ काय सगळे?"

"घे न," उकंडा म्हणाला. "फीचे काढले का खात्यात पंधरा राह्यतीन. त्यातून छप्पन कापले का खातं मायनस. मायनस खात्यात शिष्यवृत्ती बसत नाई, वापस जाते. पाह्य बापा तुह्या मनानं."

ठेवले तर परीक्षा बुडते, काढले तर शिष्यवृत्ती. दीपमाला बँकेच्या पायऱ्या उतरली ती थेट तोफेच्या तोंडी दिल्यासारखी.

तुम्ही म्हणाल, एक्केचाळीस रुपये कोणाकडून उसने घ्यायचे. नाही. ज्या मुलीकडे चेकबुक आहे ती एक्केचाळीस रुपये मागत नसते. एक्केचाळीस मागणं ही गरिबी. एका दिवसापुरते हजार मागणं हा व्यवहार. व्यवहार करायला दीपमालाची ना नव्हती.

आणि हजाराची कल्पना तिला तिच्या शाळेनं दिली. तिच्या लहानपणी खेड्यातल्या शाळेत साहेब तपासणीला यायचे असले की आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावच्या शाळेतून पृथ्वीचा गोल, दोन नकाशे आणि पट भरायला बावीस पोरं बैलगाडीतून यायची. साहेब खूश होऊन गेले की गाडी भरून परत. पुढच्या आठवड्यात हीच गाडी उलट दिशेनं. दीपमाला स्वतः एका वर्षी सकाळी आपल्या शाळेत आणि दुपारी शेजारच्या शाळेत हजर होती, आणि दोन्हीकडे साहेबानं तिच्या स्वच्छ नखांचं कौतुक केलं होतं. एकतीस तारखेला बँकेची तपासणी. मग त्या दिवसापुरते हजार रुपये आणून बसवले तर?

खोलीवर तिनं हे सोनूला सांगितलं. सोनू राठोड, पलीकडच्या तांड्यावरची, तिच्याच वर्गात, तिच्याच खोलीत. सोनूला कोणतीही गोष्ट सांगितली की ती आधी हसून घेई आणि मग ऐके.

"याडी ये!" सोनू तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत, पोट धरून म्हणाली. "पैशाले पाहुणा म्हणून नेतं काय बँकेत? मग माह्या खात्यातही ने न. माहे बी छप्पन कापले."

घरमालकीण रुक्माबाई दारात मेथी निवडत होती. तिच्याकडे गल्लीतल्या बायांची भिशी असे. जमा झालेले पैसे महिनाअखेरीला संध्याकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून एकीला द्यायचे. तोवर नोटा तिखटाच्या डब्यात, तिखटातच पुरलेल्या. चोराचे हात भाजतात असं तिचं मत होतं. चोर अजून आला नव्हता, त्यामुळे मत शाबूत होतं.

"एका दिवसाचे हजार ना? नेजा," रुक्माबाई म्हणाली. "पण सांजेले सहा वाजता बाया येतेत. अन् माहंही पासबुक सोबत घे. मेलं तेही कापून राह्यलं कवापासून."

एवढ्यात शेजारच्या ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला. हरिसिंगमामांनी खाकरलं की गल्ली गप्प होई. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. अठ्ठावीस वर्षं दिग्रस-पुसद-यवतमाळ केलेल्या माणसाला जगातली सगळी खाती, कचेऱ्या आणि नियम माहीत असतात असा एक समज होता. तो मामांचाच होता. पण गल्लीनं कधी तक्रार केली नाही. "आपलं वीस हजार फिक्समध्ये हाये," असं ते पाऊस, भाव, राजकारण अशा कोणत्याही विषयावर बोलताना मध्येच सांगत.

"तुमाले बँक समजली नाई," मामा म्हणाले. "पूरा दिवस कायले ठेवता? चेकर चढला तवा तिकीट हातात पायजे, बस. एकतीस तारखेले हजार भरा, पासबुकात छापून घ्या. छापलं म्हंजे पंच झालं. पंच झालेलं तिकीट कोणाचा बाप खोटं म्हणते? मंग हजार काढा, दुसऱ्याच्या खात्यात भरा. एकाच हजारात पूरी गल्ली पास!"

रुक्माबाईनं निवडलेली मेथी पुन्हा देठांत टाकली. मोठ्या शोधांनंतर माणसांचं असं होतं.

"मीही येतो," मामा म्हणाले. "पोरीबाळी हाओत तुम्ही. रांगेत गडबड होते. अन् माह्यंही एक बारीकसं खातं हाये तिथं. पडून हाये."

एकतीस तारखेला साडेदहाला चौघं बँकेत दाखल झाली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दारातूनच "मांगं सरका, मांगं सरका, मधी जागा हाये" असं म्हणून रांगेतल्या दोघांना खांबाला टेकवलं होतं.

पहिला नंबर दीपमालाचा. कॅशियरनं शंभराच्या दहा नोटा घेतल्या, बोट ओलं केलं, तिसऱ्या नोटेला थांबला, छताकडे पाहिलं आणि शिंकला. सातव्या नोटेला पुन्हा शिंकला. स्लिपवर शिक्का मारला तोही शिंकेसकट, त्यामुळे तारीख थोडी तिरपी आली. पासबुक छापून आलं: सोळाशे पंचावन्न! आपल्या नावापुढे चार आकडे दीपमालानं आयुष्यात प्रथम पाहिले. ती दोन मिनिटं नुसती पाहत राहिली. मग पैसे काढायची स्लिप भरली.

कॅशियर दुसऱ्या गड्डीतून नोटा मोजू लागला. तशी रुक्माबाई काचेला चिकटली.

"ह्या नाई! मले माह्याच नोटा पायजे. त्या भिशीच्या हायेत."

"बाई, पैसे सारखेच असतात."

"तुमाले सारखे असतीन. मले बायायले उत्तर द्या लागते."

वाद घालण्यापेक्षा त्याच नोटा देणं त्याला सोपं वाटलं. तीच त्याची चूक. दुसऱ्या फेरीत सोनूनं त्याच दहा नोटा आत सारल्या. कॅशियरनं बोट ओलं केलं, नोटा मोजल्या, बोट पुन्हा ओलं केलं, आणि मग त्याला कळलं की आपली जीभ पेटली आहे. सोनूला हसू आवरेना. ते आवरायला ती वाकली आणि स्लिपवर सहीच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी सही करून बसली. स्लिप नवी. तिसरी फेरी रुक्माबाईची. तिनं नोटा काचेखालून आत घातल्या, पण दुसरं टोक सोडेना. कॅशियर तिकडून ओढतो, ही इकडून धरते.

"सोड न व, मोठीआई!" दीपमाला म्हणाली.

"पासबुक छापल्यावर सोडतो."

"भरल्याशिवाय छापत नाई ते!"

"छापल्याशिवाय मी सोडत नाई!"

शेवटी उकंडानं मध्यस्थी केली. नोटा आत गेल्या, पासबुक छापलं, नोटा बाहेर आल्या. या भानगडीत कॅशियरनं, माणूस सवयीचा गुलाम, कपाळावरचा घाम पुसता पुसता डोळे पुसले. त्याच बोटांनी.

पुढची वीस मिनिटं काउंटर बंद होता. आत नळ सुरू होता. बाहेरच्या रांगेत एकानं बँक बुडाली असं सांगितलं आणि दुसऱ्यानं ते लगेच मान्य केलं. उकंडा ओला रुमाल घेऊन धावत होता. मामा मात्र शांत होते. खिडकी उघडली तेव्हा त्यांनी शर्टाची घडी नीट केली, "हां, आता आपला नंबर" असं म्हणाले आणि हजार रुपये अशा थाटात आत सारले की वीस हजारांची फिक्स त्या थाटात स्पष्ट दिसत होती. लाल डोळ्यांच्या कॅशियरनं या वेळी नोटा पट्टीनं मोजल्या.

मामांचं पासबुक छपाईला गेलं. यंत्र एक ओळ छापून थांबलं नाही. दोन ओळींनीही थांबलं नाही. ते छापतच राहिलं, आणि मामांच्या चेहऱ्यावरची रेषा न् रेषा खाली येत गेली. आठ ओळी. आठही छप्पन रुपये अठरा पैशांच्या. दोन वर्षांपूर्वी खात्यात तीस रुपये होते. तेव्हापासून खातं खाली, आणखी खाली, विहिरीतल्या बादलीसारखं उतरत गेलं होतं. नवव्या ओळीत जमा एक हजार. शिल्लक पाचशे ऐंशी आणि काही पैसे.

"बाकीचे?" रुक्माबाईनं विचारलं.

"खातं मायनस होतं," उकंडा हळूच म्हणाला. "भरले का पह्यले ते वसूल होतेत."

चारशे वीस रुपये. भिशीचे. सहा वाजता येणाऱ्या बायांचे. सोनूचं हसू थांबलं, आणि ते थांबलं तेव्हाच दीपमालाला गोष्ट किती वाईट आहे ते कळलं. मामा पासबुक मिटून खिशात घालायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना खिसा सापडत नव्हता. फिक्सबिक्स काही नव्हतं, हे त्या हातांवरून दिसत होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांना "सुट्टे ठेवा" म्हणून दटावणारा माणूस काचेसमोर अगदी सुट्टा उभा होता.

कल्पना आपली होती, एवढंच दीपमालाच्या डोक्यात आलं. कोणी नको म्हणायच्या आत तिनं स्लिप ओढली, चारशे वीस लिहिले आणि खिडकीत दिली.

"अव, तुही फी?" रुक्माबाई म्हणाली.

"तारीख वाढली," दीपमाला म्हणाली. "दरसाल वाढते."

हे इतकं खरं वाटण्यासारखं होतं की रुक्माबाईनं विश्वास ठेवला. सोनू तोंड उघडणार, तेवढ्यात दीपमालानं तिच्या पायावर पाय दिला.

एवढ्या वेळात मॅनेजरसाहेब केबिनबाहेर आले होते. साहेब बाहेरून बदलून आलेले, हिंदीत बोलणारे. त्यांनी चौघांना आत बोलावलं.

"एक हजार रुपया सुबह से चार बार आया, तीन बार गया," ते म्हणाले. "ये रुपया है कि ससुराल आया दामाद? क्या घोटाला चल रहा है?"

दीपमालानं सगळं सांगितलं. शाळेची तपासणीही सांगितली, कारण त्याशिवाय समजण्यासारखं नव्हतं. साहेब आधी गंभीर होते. बैलगाडीपाशी त्यांच्या ओठाला हिसका बसला. मग त्यांनी चहा मागवला.

"बेटी, हम रोज शाम को देखते हैं कितना पड़ा है. पूरे तीन महीने का, एवरेज. दोपहर में आके दोपहर में गया हुआ पैसा तो हमको दिखता ही नहीं."

म्हणजे सगळं फुकट. शिंका फुकट, डोळे फुकट. दीपमालाला एकदम इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. सोनू तर वाटच पाहत होती. साहेबांनी दोघींना हसू दिलं, आणि मग म्हणाले की विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीसाठी शून्य शिल्लकेचं खातं मिळतं, चेकबुक परत कर आणि हा फॉर्म भर, आजपासून कपात बंद. आणि मायनस खात्यातून शिष्यवृत्ती परत जाते हे कोणी सांगितलं? दारात उभा असलेला उकंडा तातडीनं कपबशा गोळा करू लागला.

"फॉर्म ऐसे भरना," साहेबांनी टेबलाच्या काचेखालचा नमुना दाखवला. "देखो, किसी ने कितना साफ लिखा है."

दीपमालानं पाहिलं. अक्षर तिचं होतं. कडुनिंबाखाली एका म्हातारीसाठी तिनं हाच फॉर्म लिहिला होता, पाच रुपयांत. असे निदान पन्नास लिहिले होते. स्वतःसाठी लिहायचं सुचलं नव्हतं, कारण तो गरिबांचा फॉर्म आहे अशी तिची समजूत होती.

साहेबांनी खास बाब म्हणून मामांच्या खात्यातले पाचशे ऐंशी पूर्ण काढू दिले. सहा वाजता भिशी वेळेवर झाली. एक बाई शिंकली, पण ती दर महिन्याला शिंके. दीपमालाच्या खात्यात दोनशे पस्तीस उरले.

एक तारखेला हरिसिंगमामा ओट्यावर दिसले नाहीत. दोन तारखेलाही नाहीत. गल्लीला सल्ला मिळेनासा झाला आणि दोन दिवसांत एकाचा गॅस आणि एकीचं लग्न खोळंबलं. लाज वाटून मुलीकडे वणीला गेले असतील, असं ठरलं. मेंदी काढून द्यायचं काम मिळेल का म्हणून दीपमालानं चार घरं विचारली; लग्नं अजून दूर होती. कॉलेजात बाबूला विचारलं, तारीख वाढेल का? बाबू म्हणाला, "दरसाल वाढते. यंदा नाही." दोनशे पस्तीस काढून तिनं वहीत ठेवले. चारशे पाच कमी. आता एक्केचाळीस रुपये मागायलाही तिची हरकत नव्हती, पण तो भाव निघून गेला होता. परीक्षा हुकली तर एक वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष खोलीचं भाडं द्यायला जिनिंग चालणार नव्हतं. रात्री ती कुशीवर वळून भिंतीशी बोलत होती. सोनू ऐकत होती आणि हसत नव्हती.

तीन तारखेला साडेबाराला सोनू धापा टाकत आली.

"चाल लवकर! मामा सापडला!"

बसस्टँडबाहेर, जिथं काळ्या-पिवळ्या जीप उभ्या राहतात, तिथं एक माणूस डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून ओरडत होता, "पुसद, पुसद, पुसद! सुट्टे ठेवा, पुसद!" मफलर कशाला गुंडाळला होता देव जाणे. तो आवाज तालुक्यातलं शेंबडं पोरही ओळखत होतं. आयुष्यभर मामांनी या जीपवाल्यांना शिव्या घातल्या होत्या; एस.टी.चे प्रवासी चोरतात म्हणून एकदा भर रस्त्यात एकाची कॉलर धरली होती. आणि आता ते एक जीप भरून दिली की दहा रुपये या भावानं त्यांच्याच गाड्या भरत होते.

दीपमालाला पाहून ते जीपमागे गेले. मग पुढे आले. आवाज फाटून पार चिंध्या झाल्या होत्या.

"कॉलेजात जाऊन बोर्ड पाह्यला मी. तारीखगिरीख काही वाढली नाई," ते म्हणाले. "तीनशे सत्तर झाले. चारशे वीस देतो म्हंजे देतो. पण गाड्या भरून नाई राह्यल्या पोरी. रिकाम्या गाडीत पह्यलं कोणी बसत नाई. बसलेले दिसले का मंग सारे चढते."

"मंग आम्ही बसतो न," सोनू म्हणाली.

चारशे पाचला पस्तीस कमी, म्हणजे चार जीप. वाजला होता एक. दोघी पहिल्या जीपमध्ये बसल्या. एवढ्यात रुक्माबाई भाजीची पिशवी घेऊन आली, काय चाललंय ते तिला एका दमात कळलं, तारखेबद्दल दीपमालाला एका दमात शिव्या घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन तीही बसली. गाडी निम्मी भरलेली दिसली. माणसं चढू लागली. शेवटचा चढला की या तिघी "अव माय, पिशवीच राह्यली!" असं म्हणत पलीकडच्या दारानं खाली. दहा रुपये. दुसरी जीप. "अव माय, पोट्टंच राह्यलं!" दहा रुपये. तिसऱ्या जीपला रुक्माबाईनं काय राहिलं ते सांगितलंच नाही, नुसता हंबरडा फोडला, आणि जीपमधल्या दोन बाया तिच्याबरोबर उतरू लागल्या. त्यांना मामांनी परत चढवलं. दोन वाजून गेले. चौथी जीप भरायला वेळ लागला. शेवटी खचाखच भरली. सोनू उतरली. दीपमाला उतरेना, कारण तिच्या आणि दाराच्या मध्ये रुक्माबाई होती, आणि रुक्माबाईला शेजारची बाई तिच्या मामेबहिणीची नणंद निघाली होती.

"उतर न व, मोठीआई!"

"थांब. यायची लहानी पोरगी कुठं देली तेवढं इचारतो."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. दोन वाजून पंचवीस मिनिटं. गाडी सुटली. मामा ओरडले, पण आवाज निघाला नाही. ते पळू लागले. कॉलेज पुसद रोडवरच, गावाबाहेर. ते सगळ्यांत आधी मामांच्याच लक्षात आलं. पळता पळता त्यांनी खिडकीतून चुरगळलेल्या नोटांचा बोळा दीपमालाच्या हातात कोंबला. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "ह्या दोघींचं भाडं कोण देते?" आणि हरिसिंगमामांनी, ज्यांनी अठ्ठावीस वर्षांत सख्ख्या सासऱ्याला फुकट बसू दिलं नव्हतं, उरलासुरला सगळा आवाज काढला:

"स्टाफ हाये! स्टाफ!"

रुक्माबाईला नणंदेशी बोलत सोडून कॉलेजपाशी उतरलेली दीपमाला दोन वाजून पन्नासला खिडकीपाशी होती. बाबूनं नोटा मोजल्या, बहुतेक दहाच्या. काही ओलसर होत्या. घाम जानेवारीतही येतो. सहाशे चाळीस झाले. त्यानं पावती फाडली. पाच रुपये उरले आणि जीपला दहा पडतात, म्हणून ती पावती वहीत घालून गावाकडे चालत निघाली. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, वेचून झालेल्या. तिला कुठेतरी बसून रडावं असं वाटत होतं आणि धावावं असंही वाटत होतं. ती मधलं काहीतरी करत होती.

मागून एक जीप आली, पुढे जाऊन थांबली. दार उघडलं आणि आतून एक हात बाहेर आला. हात रुक्माबाईचा होता. निम्म्या वाटेत तिला भान आलं, ती उतरली आणि उलट्या गाडीत बसली, असं नंतर कळलं.

"चढ पटकन. भाडं नाई. मी या ड्रायव्हरले सांगतलं, आपण स्टाफ हाओत." मग गाडी सुरू व्हायच्या आत तिनं मोठ्यानं विचारलं, "भरली?"

"भरली."

रुक्माबाई मागे वळली आणि जीपमधल्या पंधरा अनोळखी माणसांना उद्देशून म्हणाली, "पोरीची फी भरली."

कोणाला कसली फी ते माहीत नव्हतं. पण एका म्हाताऱ्यानं पटका सावरत मान हलवली, एका बाईनं पोर मांडीवर घेतलं, आणि सगळी जीप थोडी थोडी सरकली.